हिमावरील चाके

जोगेश्वरीहून वेसाव्याचा समुद्रकिनारा फार दूर नाही. सुट्टीच्या सकाळी सायकल घेऊन तिकडे जाणाऱ्या मुलांना एक अनुभव हमखास येतो. डांबरी रस्त्यावर वाऱ्यासारखी धावणारी सायकल किनाऱ्यावरील कोरड्या वाळूत शिरताच जड होते. पुढचे चाक रुतते, हँडल एका बाजूस वळते आणि स्वाराला पाय टेकून खाली उतरावे लागते. तीच सायकल ओहोटीने उघड्या पडलेल्या ओलसर, घट्ट वाळूवर नेली की पुन्हा सुरळीत चालू लागते. चाक तेच, स्वारही तोच; बदलली ती केवळ चाकाखालची भूमी. हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला जन्मात हिम न पाहताही हिमावर सायकल चालविणे म्हणजे काय, याची अर्धीअधिक कल्पना आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईच्या मुलांना हिम ठाऊक असते ते चित्रांतून. परंतु पृथ्वीच्या उत्तरेकडे असे विस्तीर्ण प्रदेश आहेत, की जेथे हिवाळ्याचे कित्येक महिने घरे, शेते, नद्या व रस्ते हिमाखाली झाकलेले असतात. तेथील व्यवहार मात्र थांबत नाहीत. फिनलंड देशातील औलू नावाच्या शहरात भर हिवाळ्यातही लोक सायकलीवरून कामावर जातात आणि शाळकरी मुले सायकलीवरूनच शाळेत येतात. आपल्याकडे पावसाळ्यात छत्री घेऊन बाहेर पडणे जितके स्वाभाविक, तितकेच तेथे हे स्वाभाविक आहे. हे त्यांना कसे साधते?

हिमाची दोन रूपे असतात आणि दोन्ही सायकलीला प्रतिकूल आहेत. नुकतेच पडलेले हिम पिंजलेल्या कापसासारखे मऊ असते. त्यात चाक रुतते. तेच हिम दबून, किंचित वितळून पुन्हा गोठले, की काचेसारखे कठीण व गुळगुळीत होते. त्यावरून चाक घसरते. एक रूप चाकाला गिळू पाहते, तर दुसरे त्याला थाराच देत नाही. संकटे दोन असल्यामुळे उपायही दोन शोधावे लागले.

पहिल्या उपायाचे मर्म साध्या गणिताने कळते. सायकल व स्वार यांचे मिळून वजन ८० किलोग्रॅम आहे असे समजू. साध्या सायकलीच्या टायरमध्ये हवा घट्ट भरलेली असते. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलोग्रॅम धरला, तर ८० किलोग्रॅम वजन पेलण्यास दोन्ही टायरांचा मिळून २० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला तरी पुरतो. म्हणजे आगपेटीएवढ्या जागेवर सारा भार येतो! डांबरी रस्ता तो सोसतो, मऊ हिम सोसू शकत नाही. आता टायर पुष्कळ रुंद केला आणि त्यातील हवेचा दाब एक दशांशावर, म्हणजे ०.४ किलोग्रॅमवर आणला, तर तेच वजन २०० चौरस सेंटिमीटरांवर पसरते. दर चौरस सेंटिमीटरवरील भार एक दशांश झाल्यामुळे चाक कमी रुतते. उंटाचा रुंद, पसरट तळवा वाळवंटात करतो तेच काम येथे रुंद टायर करतो.

हे तत्त्व हाती येण्यापूर्वीही धाडसी माणसांनी हिमावर सायकली घातल्या होत्या. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, अलास्कातील नोम या गावी सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि कॅनडातील डॉसन येथील लोक तिकडे जाण्यास अधीर झाले. वाट सुमारे १६०० किलोमीटरांची व गोठलेल्या यूकॉन नदीवरून जाणारी होती. बहुतेक लोक कुत्र्यांच्या गाड्यांनी निघाले. एड जेसन नावाच्या गृहस्थाने मात्र सायकल विकत घेतली आणि तिचा सराव करताना कितीदा तरी हिमात लोळण घेतल्यावर १९०० सालच्या फेब्रुवारीत तो निघाला. गाड्यांच्या घसरपट्ट्यांनी हिम दाबून जी अरुंद चाकोरी पडलेली असे, तिच्यातूनच तो सायकल हाकी. चाकोरी सोडली की चाक रुतलेच म्हणून समजावे. कडाक्याच्या थंडीत टायरचे रबर ताठरून जाई आणि चाकातील छर्ऱ्यांचे तेल थिजे. तरीही तो नोमला पोहोचला. त्याच वर्षी मॅक्स हर्शबर्ग हा तरुण त्याच वाटेने सायकलीवर निघाला. वसंतात वितळू लागलेल्या एका नदीत तो बुडता बुडता वाचला. पुढे सायकलीची चेन तुटली. तेव्हा त्याने अंगातील जाड कोट काढून काठीच्या आधाराने शिडासारखा उभारला आणि गोठलेल्या समुद्रावरून वाऱ्याच्या बळावर सायकल नोमपर्यंत नेली. साधन मोडले, पण कल्पकता शाबूत होती!

सायकलीवर असा विश्वास टाकणारी माणसे मुंबईतही होती. १९२० साली येथील ओव्हल मैदानावर युरोपातून हिंदुस्थानापर्यंत पायी आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. ते ऐकून काही पारशी तरुणांच्या मनात जगप्रवासाची ओढ निर्माण झाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण मुंबईहून सायकलीवर निघाले. त्यांपैकी तिघे वाटेत वेगळे झाले. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. बलुचिस्तानात झियारतजवळच्या डोंगरावर त्यांची हिमाशी गाठ पडली आणि पुढे बगदादपलीकडील वाळवंटात तापलेल्या वाळूशी. हिमासाठी वेगळ्या रुंद टायरांची सायकल त्या काळी बाजारात नव्हती. चाक चालेनासे झाले, की सायकलीवरून उतरावे, ती ढकलावी आणि चाक चालू लागताच पुन्हा वर बसावे, हाच त्यांचा उपाय. शहाणा स्वार भूमीशी भांडत नाही. ती जेथे वाट देईल तेथून जातो.

भूमीशी जुळेल अशी सायकल घडविण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. १९८७ साली अलास्कात हिमावरून सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. त्या सुमारास तेथील हौशी कारागिरांनी चाकांच्या दोन रिमा शेजारी शेजारी जोडून एक रुंद चाक बनविण्याचे प्रयोग केले. इकडे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळूच्या टेकड्यांवर सायकल चालविण्यासाठी रे मोलिना या गृहस्थाने साडेतीन इंच रुंदीचे टायर व त्यांना साजेशा रिमा तयार करविल्या. एकाचा शत्रू हिम, दुसऱ्याचा वाळू. परंतु दोघेही एकाच उत्तरापाशी येऊन पोहोचले. १९९९ साली एका प्रदर्शनात अलास्कातील सायकल बनविणाऱ्याची व मोलिना यांची भेट झाली आणि वाळूतील चाक हिमावर गेले. २००५ पासून अशा जाड टायरांच्या सायकली कारखान्यांतून तयार होऊन सर्वत्र मिळू लागल्या. आज त्या मुंबईच्या रस्त्यांवरही दिसतात. मात्र त्यांची जन्मकथा हिमात व वाळूत आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

हिमाच्या दुसऱ्या रूपावर, म्हणजे गुळगुळीत बर्फावर, रुंद टायर पुरेसा पडत नाही. तेथे हवी असते पकड. त्यासाठी टायरच्या रबरात अतिकठीण धातूच्या बारीक खिळ्या बसवितात. चाक फिरताना त्या बर्फात रुतून त्याला धरून ठेवतात. यासोबत स्वारालाही आपली रीत बदलावी लागते. वळताना अंग झुकवायचे नाही. वळण मोठे घ्यायचे. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. वेग आधीपासूनच कमी करीत आणायचा. पेडल हिसक्याने न मारता एकसारखे फिरवायचे. नवशिक्याने सीट थोडी खाली घ्यावी, म्हणजे तोल जाताच पाय जमिनीला टेकतो. रिमवर बर्फ साचल्यास ब्रेकचे रबर घसरते; म्हणून चाकाच्या मध्यभागी बसविलेल्या धातूच्या तबकडीवर पकड घेणारे ब्रेक वापरतात. थंडीने फ्रीव्हीलमधील लहान खिट्ट्या चिकटून बसतात, म्हणून तेथे थंडीतही न थिजणारे पातळ वंगण घालतात. यंत्राचा बारीकसारीक भागही हवामानाचा विचार करूनच सिद्ध करावा लागतो.

या सर्व सुधारणांची कसोटी दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर लागली. ब्रिटनच्या मरिया लायरस्टॅम या डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिका खंडाच्या कडेपासून पायचाकी चालवीत दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. त्यांचे वाहन तीन चाकांचे होते आणि त्यात मागे रेलून बसण्याची सोय होती. ध्रुवप्रदेशातील वाऱ्यात दोन चाकांवर तोल सांभाळण्यात शक्ती वेचण्यापेक्षा पडणारच नाही असे वाहन त्यांनी निवडले. पुढील महिन्यात, जानेवारी २०१४ मध्ये, अमेरिकेचे डॅनिएल बर्टन हे जाड टायरांच्या दुचाकीवरून त्याच ध्रुवावर गेले. उद्दिष्ट एक असले तरी मार्ग एकच असावा लागतो, असे नाही.

भार जितका पसरावा तितके रुतणे कमी, हे तत्त्व आणखी पुढे नेले, तर चाकच नाहीसे होते आणि त्याच्या जागी लांब पट्टी येते. तीच स्की होय. स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या, पुढील टोकाशी वर वळलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. प्रत्येक पट्टी १६० सेंटिमीटर लांब व सरासरी ७ सेंटिमीटर रुंद धरली, तर ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा भार दर चौरस सेंटिमीटरला केवळ ३१ ग्रॅम इतकाच येतो. उत्तरेकडील लोक हजारो वर्षांपासून स्कीचा वापर करीत आले आहेत. शिकार, डाक, शेजारच्या गावी जाणे, सारे काही स्कीवरून चाले. खेळ म्हणून तिचा प्रसार पुष्कळ नंतरचा आहे.

परंतु जी पट्टी रुतू देत नाही, ती घसरण्यासही मोकळीच असते! म्हणून स्की शिकणाऱ्याचे पहिले दिवस पडण्यात जातात. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांची हकिकत या बाबतीत प्रसिद्ध आहे. पत्नीच्या आजारपणामुळे ते स्वित्झर्लंडमधील डाव्होस या गावी राहिले होते. तेथे ब्रँगर नावाचे दोघे भाऊ स्की शिकत होते. पण गावकरी हसतात म्हणून ते बिचारे अंधार पडल्यावर सराव करीत! डॉइल यांनी त्यांच्याशी मैत्री केली आणि २३ मार्च १८९४ रोजी तिघांनी डोंगरातील एक खिंड स्कीवरून ओलांडून आरोसा हे गाव गाठले. एका अवघड उतारावर स्की पायांतून काढून त्यांची घसरगाडी करण्याची युक्ती निघाली, तर डॉइल यांच्या स्की हातून निसटून खाली पळाल्या आणि साहेबांना बसल्या जागीच घसरत उतरावे लागले. त्यांचा विजारीचा पार्श्वभाग त्या प्रवासात झिजून गेला. शिंप्याने तर ते कापड झिजणे शक्य नाही अशी हमी दिली होती! हा सारा प्रकार त्यांनी त्याच वर्षी एका मासिकात स्वतःच लिहून प्रसिद्ध केला. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या लेखकाने आपल्या पडण्याची कथा हसत हसत जगाला सांगितली. पुढे डाव्होस व आरोसा ही गावे स्कीच्या खेळासाठी विख्यात झाली. ज्या भावांना लोक हसत होते, त्यांच्या मागून हजारो लोक आले.

नवशिक्याचे अपघात बहुधा ठरलेले असतात. सपाट भूमीवर उभे असतानाच एक स्की दुसरीवर पडते आणि पाऊल उचलताच माणूस तोंडघशी पडतो. चढ चढताना स्कीची टोके उताराकडे असली, की तो मागल्या मागे घसरू लागतो. म्हणून उताराला आडवे उभे राहून खेकड्यासारखे एकेक पाऊल बाजूने चढावयाचे असते. उतारावर वेग वाढताच भीतीने शरीर मागे झुकते. हीच सर्वांत मोठी चूक होय. कारण मागे झुकले की स्कीच्या पुढील भागावरचा भार जातो आणि ती हुकमात राहत नाही. मनाला मागे जावेसे वाटत असता गुडघे वाकवून अंग पुढेच ठेवावे लागते. वेग आवरण्यासाठी पुढील टोके जवळ आणि मागील टोके दूर ठेवून नांगराच्या फाळासारखा आकार करावा लागतो. पण पुढील टोके एकमेकांवर चढली, की पुन्हा लोळण ठरलेली. पडल्यावर उठणे हीदेखील एक कलाच आहे. स्की उताराला आडव्या करून त्या खालच्या बाजूला आणल्यावाचून उठू पाहणारा लगेच पुन्हा घसरतो.

म्हणून चांगला शिक्षक आरंभी वेग शिकवीत नाही. पडावे कसे व उठावे कसे हे शिकवितो. पडणे अटळ दिसताच हात पुढे न टेकता, काठ्यांचा हट्ट न धरता, एका कुशीवर अलगद बसावे. काठी घट्ट धरून पडणाऱ्याचा अंगठा दुखावण्याचा संभव असतो. पूर्वी स्की पायाला पक्की जखडलेली असे आणि पडताना पाय पिरगळून हाड मोडे. नॉर्वेत जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले निष्णात खेळाडू याल्मार व्हाम यांचा पाय १९३७ साली असाच मोडला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी विचार केला, की फार जोर येताच बुटाला मोकळे करणारी पकड का बनवू नये? बरे झाल्यावर त्यांनी तशी पकड तयार केली व १९३९ साली तिचे पेटंट मिळविले. आज जगातील नवशिक्यांचे पाय जपणाऱ्या पकडींचे मूळ या एका मोडलेल्या पायात आहे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

भारतातही ही विद्या शिकविली जाते. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९४८ साली आपल्या सैन्याने स्कीची शाळा काढली. हिमाच्छादित सीमेचे रक्षण करणाऱ्या जवानाला हा केवळ खेळ नसून कर्तव्याचा भाग आहे. गुलमर्ग, उत्तराखंडातील औली व मनालीजवळील सोलंग येथे हिवाळ्यात वर्ग भरतात. महाराष्ट्रातून गेलेली, हिम प्रथमच पाहणारी मुले-मुलीही तेथे पडत, उठत शिकत असतात. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे पहिले प्रतिनिधी जेरेमी बुयाकोव्स्की यांना १९६४ साली उताराची शर्यत पुरी करता आली नाही. चार वर्षांनी ते पुन्हा गेले आणि त्यांनी ती पुरी केली. पदक मिळाले नाही. पण पहिल्या अपयशाने वाट सोडली नाही, हे काही थोडे नव्हे.

हिम हा कठोर पण निष्पक्षपाती गुरू आहे. तो दोन गोष्टी शिकवितो. पहिली ही, की भूमी आपल्यासाठी बदलत नाही. आपले साधन व आपली रीत तिच्याशी जुळवून घ्यावी लागते. दुसरी ही, की चढेल तो पडेल, हे जाणून जो पडण्याची लाज बाळगत नाही, तोच पुढे जातो. पडल्याने होणारी इजा काही दिवसांत बरी होते. लोक हसतील या भीतीने ज्याने शिकणेच सोडले, त्याचे नुकसान मात्र जन्मभर भरून येत नाही. जोगेश्वरीच्या पावसाळी रस्त्यावर सायकल शिकणाऱ्या मुलाला आणि गुलमर्गच्या उतारावर प्रथमच स्की बांधणाऱ्या मुलीला हाच धडा गिरवावयाचा असतो.

शब्दार्थ

प्रतिकूल – अनुकूल नसलेले, विरुद्ध
चाकोरी – चाके जाऊन जाऊन पडलेली वाट
अधीर – उतावीळ
शाबूत – सुरक्षित, न मोडलेले
निष्णात – अत्यंत कुशल
वंगण – यंत्राला घालावयाचे तेलकट द्रव्य
अटळ – न टळणारे

स्वाध्याय

१. हिमाची दोन रूपे कोणती? प्रत्येकावर कोणता उपाय योजतात?
२. रुंद टायर हिमात कमी का रुततो, ते पाठातील गणिताच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘साधन मोडले, पण कल्पकता शाबूत होती’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? का?
४. ब्रँगर बंधू अंधारात सराव का करीत? पुढे काय घडले?
५. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीचा अर्थ सांगून पाठातील प्रसंगाशी तिचा संबंध दाखवा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : गाठ पडणे, तोंडघशी पडणे, धडा गिरवणे.
७. सायकल, पोहणे किंवा अन्य कोणतीही विद्या शिकताना आलेला अनुभव दहा ओळींत लिहा.